प्रभातचे बोलपट : एक अपुरे दप्तर

आमच्या लहानपणी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात गणेशोत्सवाच्या दहा दिवसांपैकी एक रात्र ‘पडद्याची’ असे. दोन बांबूंच्या मध्ये ताणलेले पांढरे कापड, भाड्याने आणलेले सोळा मिलिमीटरचे यंत्र, आणि रीळ बदलताना दर वेळी उठणारा मुलांचा गलका, एवढीच त्या रात्रीची सामग्री. मी आठ वर्षांचा असेन. अशाच एका रात्री ‘संत तुकाराम’ प्रथम पाहिला. आमच्या घरात रोज संध्याकाळी तुकोबांचे अभंग म्हटले जात, परंतु तुकोबांच्या घरात भांडणही होत असे, चूल थंड असे आणि त्यांची बायको प्रत्यक्ष विठोबाला जाब विचारायला निघे, हे मला त्या रात्री कळले. शेजारी बसलेल्या आईने डोळ्यांना पदर लावल्याचे आजही आठवते. तो चित्रपट तिने स्वतःच्या बालपणी पाहिलेला होता.

पुढे राज्य सरकारच्या महसूल खात्यात तीन तपांहून अधिक काळ नोकरी झाली. त्यातील बराच भाग जुन्या दप्तरांच्या सहवासात गेला. त्या सहवासाने एक गोष्ट मनावर बिंबवली : दस्तऐवज अस्तित्वात असणे ही एक गोष्ट आणि तो वाचता येण्याजोगा, सांगोपांग आणि लोकांच्या हाती असणे ही दुसरी. पहिलीवर समाधान मानणाऱ्या कचेरीत दुसरी हळूहळू अशक्य होते. आपल्या जुन्या मराठी बोलपटांचे नेमके हेच झाले आहे, असे मला वाटते. ते ‘आहेत’ असे आपण म्हणतो. पण कोणत्या स्थितीत, किती पूर्ण आणि कोणाला पाहता येण्याजोगे, हे विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

या विषयाशी वडोदऱ्याचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून येथे आले आणि महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात शिकले. चित्रकला, शिल्प, वास्तुरचना आणि छायाचित्रण या सर्वांत त्यांनी येथे हात घातला. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांची धडपड पाहून संस्थेचा छायाचित्रणाचा कक्ष त्यांना वापरू दिला. १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, त्यामागील हाताची तयारी आपल्या या गावात झाली होती. कलाभवनाच्या इमारतीवरून आपण नित्य जातो. तिच्याकडे या दृष्टीने क्वचितच पाहतो.

फाळक्यांनी आरंभिलेल्या मूकपटांच्या युगात हिंदुस्थानात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले आज बोटांवर मोजावे इतकेच शिल्लक आहेत आणि तेही बहुधा तुकड्यांच्या रूपाने. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चा (१९१९) बराचसा भाग पाहायला मिळतो, त्यात त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झालेली दिसते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये काढलेला मूक ‘सावकारी पाश’ मात्र गेला. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरचा हा चित्रपट आपल्या वास्तवदर्शी चित्रपटांचा आद्य पूर्वज मानला जातो. पण त्याविषयी आपण जे बोलतो ते ऐकीव. पेंटरांनी तोच विषय १९३६ मध्ये पुन्हा बोलपट म्हणून केला, त्यावरून पहिल्याचा अंदाज करीत बसायचे. १९३१ चा ‘आलम आरा’, हिंदुस्थानचा पहिला बोलपट, तोही नाहीसा झाला.

याची कारणे गूढ नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती भडकली तर विझवणे कठीण, कारण जळण्यासाठी तिला बाहेरच्या हवेचीही फारशी गरज लागत नाही. आणि न जळली तरी उष्ण-दमट हवेत ती आपोआप कुजते, चिकट होते, शेवटी तिची भुकटी होते. शिवाय तिच्यात चांदी असते. चित्रपटाचा धंदा आटोपला की मालकाच्या लेखी ते रीळ म्हणजे जागा अडवणारा, आगीची धास्ती देणारा माल; चांदी काढून घेतली तर चार पैसे तरी सुटत. कोणी दुष्टपणाने हे केले नाही. आपण नासधूस करीत आहोत, हेच कोणाच्या मनात आले नाही.

‘प्रभात’ची कथा त्यामानाने सुदैवाची. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ही कंपनी काढली. यांतले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. शांतारामबापूंनी तर त्याही आधी, पोरवयात, हुबळीला दिवसा रेल्वेच्या कारखान्यात आणि संध्याकाळी पत्र्याच्या चित्रपटगृहात काम केले होते. आपल्या बेळगाव-धारवाडकडच्या सभासदांना ही आठवण सुखावेल. १९३२ मध्ये आलेला ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट. आज पाहता येणाऱ्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांत त्याची गणना होते. त्यातली दुर्गाबाई खोट्यांची तारामती पाहताना प्रतिष्ठित घरातील एक स्त्री पडद्यावर येण्याचे धाडस करते आहे, हा इतिहासही आपण पाहत असतो.

१९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली आणि पुढील आठ-नऊ वर्षांत तिने जे दिले त्याला तोड नाही. ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि सलग सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल ही जोडी मुळात तंत्रज्ञांची. एकाने ध्वनिमुद्रण सांभाळले, दुसऱ्याने कलादिग्दर्शन. नाटकी आविर्भावाला त्यांनी थारा दिला नाही. विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्री-भूमिका करीत. तुकोबांच्या भूमिकेत त्यांचा चेहरा असा काही निवला की घरोघरी तुकोबांची तसबीर म्हणून त्यांचेच चित्र लागले. आणि गौरीबाईंची जिजाई! किरकोळ कामांतून वर आलेल्या या बाईंनी केलेली ती करारी, तोंडाळ, लेकरांसाठी तुटणारी गृहिणी आजही जुनी वाटत नाही. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना तर भल्या भल्यांनी तुकोबांच्या गाथेतली समजून चालवली.

त्यानंतर ‘कुंकू’ (१९३७). ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात जरठ-कुमारी विवाहाला नकार देणारी नायिका शांता आपट्यांनी उभी केली. यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, दारांचे आवाज, रस्त्यावरून येणारे सूर यांतूनच ध्वनीचा सारा संसार मांडलेला आहे. ‘माणूस’मध्ये (१९३९) एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांची गोष्ट, तर ‘शेजारी’मध्ये (१९४१) धरणाच्या बांधकामामुळे दुरावलेले दोन वृद्ध मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. १९४२ मध्ये शांतारामबापूंनी प्रभात सोडली, १९४५ मध्ये दामले गेले, आणि १९५३ च्या सुमारास कंपनी बंद पडली. तिच्या जागेत १९६० मध्ये सरकारची चित्रपट-शिक्षण संस्था सुरू झाली.

१९६४ च्या फेब्रुवारीत पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. पुढच्या वर्षी तेथे आलेल्या पी. के. नायर यांनी १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत गोदामे, गॅरेज, जुन्या मालकांची अडगळ असे काहीही धुंडाळायचे बाकी ठेवले नाही. फाळक्यांचे जे काही आज आपण पाहतो त्याचे श्रेय मुख्यतः त्यांना जाते. एका सरकारी नोकराने आपल्या पदाचे काय करावे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पण संग्रहही अभेद्य नसतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातसह अनेक जुन्या कंपन्यांची मूळ रिळे भस्मसात झाली. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या, म्हणून ते चित्रपट वाचले. परंतु मूळ ते मूळ. प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी काही बारकावे निसटतातच.

येथे माझ्या नोकरीतील एक अनुभव सांगतो. जमिनीच्या अभिलेखांचे संगणकीकरण सुरू झाले तेव्हा काही ठिकाणी मूळ नोंदवही जीर्ण म्हणून तिच्या नकलेवरून माहिती भरली गेली. नकलेत आधीच एक आकडा चुकलेला. तो संगणकात गेला, छापून बाहेर आला, स्वच्छ, सुबक, शिक्क्यासह. पूर्वी खोडलेला, फाटलेला कागद पाहून माणूस मनात शंका तरी धरीत असे. छापील उताऱ्यावर कोणी शंका घेईना. ती चूक दुरुस्त करायला एका शेतकऱ्याला चार वर्षे खेटे घालावे लागले.

चित्रपटांची घरगुती प्रत निघू लागली तेव्हाही हेच झाले. या शतकाच्या आरंभी प्रभातचे बोलपट व्हीसीडीवर आणि नंतर डीव्हीडीवर मिळू लागले, तेव्हा आमच्यासारख्यांना आनंदाचे भरते आले होते आणि त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण व्हीसीडीवरील चित्र रुंदीत ३५२ आणि उंचीत २८८ ठिपक्यांचे. डीव्हीडीवर ते ७२० गुणिले ५७६, ब्लू-रेवर १९२० गुणिले १०८०. पस्तीस मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये याहूनही अधिक तपशील साठवलेला असतो. म्हणजे फत्तेलालांनी नेपथ्यात जे कष्ट घेतले, भिंतीचा पोत, मंदिराचे दगड, पखवाजावरची शाई, ते व्हीसीडीवर राखाडी धुक्यात गेले. आणि ज्यांनी तेवढेच पाहिले त्यांचा समज झाला की जुने चित्रपट असेच धूसर असतात.

२००६ साली आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी एक व्हीसीडी-संच विकत आणला. कोणी काढलेला, ते सांगण्याचे कारण नाही. जिजाई पायातली वहाण हाती घेऊन देवाला जाब विचारायला निघते, त्या प्रसंगी चित्राने मध्येच उडी मारली. मला कळलेही नाही. आई म्हणाली, “इथं काहीतरी गाळलंय रे.” मी म्हटले, “आई, इतक्या वर्षांपूर्वीचं तुला कसं आठवेल?” ती गप्प राहिली. पुढे काही वर्षांनी पुण्यात एका खेळाला चांगली प्रत पाहण्याचा योग आला. तो प्रसंग अखंड चालला. गाळलेला भाग फार तर काही क्षणांचा होता. पण आईचे बरोबर होते आणि ते तिला सांगायला ती उरली नव्हती. दप्तरदार म्हणून आयुष्य काढलेल्या मुलाने जिवंत साक्षीदारापेक्षा सदोष नकलेवर विश्वास ठेवला, याची टोचणी मला अजून आहे.

बिघडलेले पुन्हा सुधारता येते का? येते, आणि त्याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. त्या टाकून न देता अमेरिकेतील ऑस्कर अकादमीच्या संग्रहात ठेवल्या गेल्या. वीस वर्षांनंतर इटलीतील बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ती ठिसूळ झालेली फिल्म रसायनांनी पुन्हा मऊ केली, फाटलेल्या कडा हाताने सांधल्या. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला, उरलेले जगभरच्या चांगल्या प्रतींवरून भरून काढले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने त्याचा ब्लू-रे संच काढला. ही कंपनी १९८४ पासून अभिजात चित्रपटांच्या संग्राह्य आवृत्त्या काढते आहे : उत्तम प्रत, अभ्यासकांचे भाष्य, मुलाखती, निबंधांची पुस्तिका. ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती असते, तशीच ही. उदय शंकर यांचा ‘कल्पना’ (१९४८) आणि ऋत्विक घटक यांचा ‘तितास एकटि नदीर नाम’ (१९७३) यांनाही अशा संचांत स्थान मिळाले. २०१४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘मंथन’ (१९७६) नवा करून २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला. गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून उभ्या राहिलेल्या त्या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. सरकारी पातळीवरही काम झाले आहे. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) पुनरुज्जीवित होऊन २०२३ च्या गोव्यातील महोत्सवात दाखवला गेला.

महोत्सवातला खेळ मात्र एका संध्याकाळचा असतो. घरात, शाळेत, ग्रंथालयात कपाटात ठेवता येईल आणि हवी तेव्हा काढता येईल अशी आवृत्ती ही वेगळी गरज आहे. माझ्या मते आरंभ प्रभातच्या पाच चित्रपटांनी व्हावा : ‘अयोध्येचा राजा’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’. अशा संचात काय असावे, तेही नेमकेपणाने सांगतो.

पहिली गोष्ट, उपलब्ध सर्व प्रतींची तुलना करून पाठ निश्चित करावा, आणि कोणता भाग कोठून घेतला ते पुस्तिकेत नमूद करावे. जे मिळाले नाही तेही लपवू नये. दुसरी, मराठी व हिंदी दोन्ही अवतार एकत्र द्यावेत. ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’ ही नुसती भाषांतरे नव्हेत. प्रत्येक दृश्य दोनदा चित्रित झाले, आणि नटही कधी कधी बदलले. ‘शेजारी’तला हिंदू पाटील केशवराव दात्यांनी केला, तर ‘पडोसी’तला हिंदू ठाकूर मझहर खान या मुसलमान नटाने, मुसलमान मित्र दोन्हींत गजानन जागीरदार. हे शेजारी-शेजारी पाहणे म्हणजे त्या काळच्या भाषिक व्यवहाराचा प्रत्यक्ष धडा ठरेल. तिसरी, ध्वनी. खरखर काढताना आवाजाचा जीव जाऊ नये. विशेषतः ‘कुंकू’त बारीक आवाज हेच संगीत आहे. चौथी, गाण्यांची पुस्तके, जाहिराती, स्थिरचित्रे यांचा समावेश. आणि पाचवी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : मराठी, हिंदी, गुजराती, कानडी आणि इंग्रजी उपशीर्षके.

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व बृहन्महाराष्ट्रातल्या माणसालाच कळेल. आपल्या घरांतली तिसरी-चौथी पिढी मराठी बोलते, पण तुकोबांची मराठी तिला अडते. परदेशी गेलेल्यांच्या मुलांना तर बोललेलीही अडते. माझा नातू टोरांटोला असतो. त्याला हा चित्रपट दाखवायला बसलो तेव्हा दर वाक्याला थांबून अर्थ सांगावा लागला, आणि वीस मिनिटांत दोघेही थकलो. दोष त्याचा नव्हता आणि चित्रपटाचाही नव्हता.

आक्षेप दोन संभवतात. तबकड्यांचे दिवस गेले, आता सारे आंतरजालावर मिळते, हा पहिला. पण तेथे जे मिळते ते बहुधा त्याच सदोष नकलांचे पुनर्मुद्रण असते. आणि करार संपला की एखादा चित्रपट तेथून एका रात्रीत नाहीसा होतो, विचारायला कचेरीही नसते. तबकडीही अमर नाही, हे मान्य. माझ्या त्या व्हीसीडी आता यंत्र वाचीत नाही. म्हणूनच माध्यमाहून अधिक महत्त्व त्यामागील शुद्ध पाठाला आहे; तो एकदा सिद्ध झाला की पुढच्या कोणत्याही माध्यमावर नेता येतो. आवृत्ती काढण्याच्या निमित्ताने तो सिद्ध होतो, हा तिचा खरा लाभ.

दुसरा आक्षेप पैशाचा : विकत कोण घेणार? याचे उत्तर मला आपल्याच संस्थांत दिसते. जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्यांसाठी आपण आगाऊ वर्गणीदार जमवत आलो आहोत. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, पणजी येथील प्रत्येक मराठी वाचनालयाने आणि मंडळाने एकेक संच आगाऊ नोंदवला, तर निर्मात्याला निदान मागणीचा लेखी पुरावा मिळेल. सरकारी नोकरीत मी एवढे नक्की शिकलो की ज्या मागणीचा कागद नाही, ती मागणीच नाही.

तोवर आपल्या हाती दुसरे एक काम आहे. घराघरांतल्या पेट्यांत गाण्यांची जुनी पुस्तके, तिकिटे, उत्सवातल्या खेळांची हस्तपत्रके असतील. ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. आणि ज्यांनी हे बोलपट जुन्या, अखंड प्रतींवरून पाहिले, ती माणसे आता फार थोडी आहेत. त्यांच्याजवळ बसून त्यांना आठवते ते लिहून घ्यावे. त्यांनी ‘इथं काहीतरी गाळलंय’ असे म्हटले, तर निदान तेवढी नोंद तरी तारखेसह करून ठेवावी.